सतरा माणकांचं घड्याळ

गर्लगुंजीच्या माळावर दहिवर अजून सुकलं नव्हतं.
भरमूमामा पायरीच्या खोडाला नाक लावून उभा,
उजव्या डोळ्यात भिंग चिमटीत धरल्यासारखं.
खडेबाजारात चाळीस वर्षं घड्याळं उघडली,
आता सालीच्या भेगा उघडतो.

"ये, बघ. झोपल्यात."

मी डोळा लावला. आधी माझ्याच पापण्या दिसल्या,
मग एक तपकिरी दरी
आणि दरीत तुडतुडे, पाचरीसारखे,
लग्नघरात पाहुणे निजतात तसे
एकमेकांच्या अंगावर पाय टाकून.
मोहोराची वाट बघत होते.
आम्ही तरी दुसरं काय करत होतो?

पेरूच्या पानामागे
खसखशीहून बारीक तांबडा ठिपका. ठिपका चालला.
"कोळी," मी म्हणाले.
कुंपणापलीकडून रुद्राप्पा: "नुसी, नुसी!
होडी नाही, जाळं नाही, हा कसला तुमचा कोळी?"
मामानं भिंग काढून त्याच्या हातात दिलं.
रुद्राप्पा बराच वेळ वाकून राहिला.
"जाळं हाय की," म्हणाला,
आणि आपल्या पेरूंकडे गेला, घाईघाईनं.

मग काहील.
एक भाग चुना, दोन गंधक, पाणी दहा.
तांब्याचा चमचासुद्धा जवळ आणायचा नाही.
तासाभरात काकवीचा रंग आला
आणि असा वास, की कुत्री
शेजारच्या शिवारात राहायला गेली.
"मोहोराचा डोळा उघडायच्या आधी," मामा म्हणाला,
"उघडल्यावर फवारशील तर मोहोरच जळेल."

तोवर खरवडायचं. बुंध्याभोवती गोणपाट अंथरून,
काथ्याच्या ब्रशनं, वरून खाली.
"मेलेली तेवढीच काढ. हिरवं दिसलं की हात थांबव."
माझा हात दोनदा थांबला नाही.
दोन्ही ठिकाणी झाड ओलं झालं.
मामा काही बोलला नाही, बोटानं चुना लावला.
भुसा, खपल्या, अंडी, सगळं गोणपाटासकट
आगीत. तडतडलं थोडं.

शेवटचं झाड बांधाकडचं.
बेचक्यातली खपली उचलली
तर खाली सात जणी,
नारिंगी पाठीवर काळे ठिपके,
टिकल्यांच्या पाकिटातल्यासारख्या दाटीनं.
भिंगही लागलं नाही.
यांचं नाव मला कुठल्याच भाषेत येत नव्हतं,
पण उन्हाळ्यात त्यांना मावा खाताना पाहिलं होतं,
मन लावून, भाजलेल्या शेंगा खाव्यात तसं.

ब्रश वर धरून मी मामाला हाक मारली.

त्यानं भिंग धोतराच्या सोग्याला पुसलं, लावलं, काढलं.
"एकदा," तो म्हणाला, "सतरा माणकांचं घड्याळ आलं होतं.
माणिक म्हणजे राईएवढं.
आत धूळ होती म्हणून फुंकर मारली.
धूळ गेली.
मग मोजले तर सोळा."
"सापडलं?"
"अजून शोधतोय."

आम्ही खपली होती तिथं परत बसवली,
वरून सुतळीचा एक वेढा, सैल.
ते झाड ना खरवडलं, ना रंगवलं.
त्याच्यात तुडतुडेही असणार, ठाऊक होतं.
संध्याकाळी सगळी रांग पिवळट ओली, पायात पांढरे चुन्याचे मोजे,
आणि टोकाला एकटं काळं खोड
शाळेत गणवेश न घालता आलेल्या पोरासारखं.

"इदन्न याक बिट्री?" रुद्राप्पानं कुंपणावरून विचारलं.
"इरली बिड्री," मामा म्हणाला.
एवढ्यावर भागलं.

रात्री तीनदा साबण लावूनही हातांना गंधकाचा वास.
मामीनं चहा दिला, उकळता.
बशीत ओतला, तोंडाशी नेला,
फुंकर घालायला ओठ जुळवले
आणि क्षणभर तशीच थांबले,
बशीत काय आहे ते नीट बघत.