सात आखूड, एक लांब

भोंग्याची ही खूण मला झोपेतही कळते.
सात आखूड, एक लांब.
हातातलं टाकायचं, नारिंगी जाकीट चढवायचं
आणि डेक चारवर, नऊ नंबरच्या बोटीखाली
माणसं मोजत उभं राहायचं.
आग लागली तर. पाणी शिरलं तर.
खोकल्याचं कुणी शिकवलं नव्हतं.

त्या मार्चात माझ्याकडे सव्वीस केबिन होत्या,
एकसष्ट-वीस ते एकसष्ट-पंचेचाळीस.
ताट दाराशी ठेवायचं, दोनदा ठोठवायचं,
चार पावलं मागे सरायचं.
रात्री गालिच्यावर अनवाणी उभा राहून
मी दारांना कान देत असे :
आखूड, आखूड, आखूड
आणि मग तो एक लांब श्वास आत ओढला जाईपर्यंत
माझाही अडलेला.
एकसष्ट-एकतीसमध्ये तो आला नाही.

प्रवासी आपापल्या देशांच्या विमानांनी गेले.
आम्ही उरलो, आणि जहाज आम्हाला घेऊन
मुंबईबाहेर नांगर टाकून बसलं. बावीस दिवस.
संध्याकाळी कुलाब्याचे दिवे लागत,
मोबाईलला एक काडी रेंज येई.
जुबेदा विचारायची, गच्चीवरून दिसाल का?
माझगावच्या गच्चीवरून गोदीच्या क्रेन दिसतात, नवरे नाही.
घरापासून आठ-नऊ मैलांवर मी परदेशात होतो.
पासपोर्ट कप्तानाच्या तिजोरीत,
आणि वाऱ्याला, खरं सांगतो,
भाऊच्या धक्क्याच्या मासळीचा वास.

त्या वर्षाच्या शेवटच्या रात्री, घरी,
बाराच्या ठोक्याला बंदरातली सगळी जहाजं
दरवर्षीसारखी भोंगे देऊ लागली.
धाकटी टाळ्या पिटत होती.
मी मोजत होतो.
काही हिशेब लागेना, नुसताच आवाज होता,
तरी जिन्यापर्यंत धावत गेलो
आणि चप्पल हातात घेऊन परत आलो.

आता बॅलार्ड पिअरवर पुन्हा पांढरं जहाज लागलंय.
रंगाचा वास अजून गेलेला नाही.
निम्म्याच केबिन विकायच्या, असा हुकूम.
धक्क्यावर तंबू, नाकात काडी, मनगटाला पट्टा,
बुफेत वाढणारे हात काचेपलीकडे.
कंपनीच्या पत्रकात 'नवी सुरुवात' तीन वेळा आलंय,
आणि खाली बारीक अक्षरांत :
टॉवेलचा हत्ती करणे बंद. हाताळणी टाळावी.

अकरा वर्षं मी हत्ती केले.
आंघोळीच्या टॉवेलाचं धड, हातपुसण्याची सोंड,
पोरं किंचाळायची, म्हातारे फोटो काढायचे.
आता बोटांना काम नाही,
ती आपली ॲप्रनच्या शिवणीला दुमडत बसतात.

एकसष्ट-एकतीसमध्ये विलेपार्ल्याचे गुर्जर आलेत,
मिस्टर आणि मिसेस. तिकीट दोन वर्षांपूर्वीचं,
बुडालं नाही, कंपनीने पुढे ढकललं.
आधी त्यांनी बाथरूम पाहिली, मग खिडकी,
मग दाराच्या कडीवर सॅनिटायझर मारत मला विचारलं,
पावसकर, सेफ आहे ना सगळं?
याचं उत्तर आम्हाला पाठ करून दिलंय.
हो सर, पूर्ण काळजी घेतलीय.
समुद्राबद्दल विचारलं असतं तर
मनापासून काही सांगितलं असतं.

धोक्याची कवायत आता टीव्हीवर.
बोटीखाली कुणी यायला नको, गर्दी नको,
पलंगावर लोळत बघा आणि बटण दाबा.
तरी जहाज सुटताना मी जातो डेक चारवर,
नऊ नंबरखाली उभा राहतो जाकीट घालून.
समोरून कुलाबा सरकत जातो.
मोजायला कुणी नसतं.

रात्री अडीचला पँट्रीत
एक छोटा हत्ती केला, तोंड पुसायच्या टॉवेलाचा.
पाहिला. सोंड जरा डावीकडे गेली होती.
पुन्हा झटकून धुण्यात टाकला.
तेवढ्यात एकतीसच्या दाराआड खोकला :
एक. दोन. तीन. चार.
ट्रे हातात तसाच.
मग नळ सुटला, ग्लास ठेवल्याचा आवाज,
आणि बाईंचा, झोपेतून वैतागलेला :
अहो, तो एसी कमी करा आधी.