विस्थापन, मायक्रॉनमध्ये

डबीतल्या पेशींना सदतीस अंश लागतात.
बाहेर अल् ऐनमध्ये रात्री दहालाही एकोणचाळीस,
रस्ता अंगापेक्षा तापलेला,
आणि मी स्वेटर घालून मायक्रोस्कोपशी.

चार वाजता पिपेटच्या टोकाने मधोमध ओरखडा काढला.
तेव्हापासून दर दहा मिनिटांनी एक फोटो.
दोन्ही काठांवरून पेशी निघाल्यात
रिकामी जागा भरायला.
कुणी बोलावलं नसताना.

संगणक प्रत्येकीला क्रमांक देतो,
तिच्या मागे रंगीत धागा सोडतो.
एकशे चाळीसचा हिरवा. दोनशे बाराचा जांभळा:
आतापर्यंत दीडशे मायक्रॉन भटकली,
निघाली तिथून अकरावर उभी.
या अकराला पुस्तकात विस्थापन म्हणतात.
शाळेत एका मार्कासाठी पाठ केलं होतं.

आबा मोजणी खात्यात साखळी धरायचे, करमाळ्याला.
गुंठे, आर, बांधावरच्या शिव्या.
'दगड हलत नाही, म्हणून मोजता येतं.'
परवा फोनवर सांगितलं, मी हलणाऱ्यांची मोजणी करते.
'मग हद्द कायम कशी करता?'
नाही करत, आबा.
बराच वेळ नुसता त्यांच्या पंख्याचा आवाज.

एखादी पेशी गोल होते, थरथरते,
दोन होतात.
जुना नंबर कुणाचा?
प्रोग्राम जवळचीला देऊन मोकळा होतो.
चौकटीबाहेर गेली तर मेली असं लिहीत नाही,
लिहितो: नोंद समाप्त.
दोघी एकमेकींना घासून गेल्या की धाग्यांची अदलाबदल होते,
तो गुंता मी हाताने सोडवते,
सुईत दोरा ओवताना करतात तसे डोळे बारीक करून.

एकोणचाळिसाव्या फोटोत सगळ्याच्या सगळ्या
डावीकडे सरकल्या. चार मायक्रॉन, एका दमात.
मला वाटलं, काहीतरी सापडलं!
डॉ. इंतिसार करकदेचा लाल कप घेऊन आल्या,
फोटो मागे-पुढे केले दोनदा.
'सगळेच एका दिशेला निघाले ना,
तर पेशींना विचारू नकोस.
टेबल हललंय.'
एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला असेल. किंवा मागे ट्रक.

त्यांचं घर ओमदुरमानला. होतं.
एका आठवड्यात अख्खी गल्ली उत्तरेला गेली,
कुणी अस्वानला पोचलं,
धाकटा भाऊ वादी हल्फात, व्हिसाच्या रांगेत.
हे आज नाही सांगितलं त्यांनी. मागे कधीतरी,
सेंट्रिफ्यूज थांबायची वाट बघताना.

त्या गेल्यावर मी दुरुस्ती चढवली:
प्रत्येक फोटोतून
टेबलाचं हलणं वजा.
उरलं ते ज्याचं त्याचं.
थोडंसंच निघालं.

सकाळी सहाला ओरखडा केसाएवढा.
खिडकीत हफीतचा डोंगर धुळीने पुसट,
मी स्वेटर खुर्चीला अडकवला.
दोनशे बारा अजून काठावरच,
फिरते आहे.