गुडघ्याएवढं कुंपण

पेपर पहिला, मानसशास्त्राची ओळख.
मंगळवारी दुपारी दोनचा तास, जेवणानंतरचा,
म्हणजे अर्धा वर्ग झोपेच्या अवस्था
प्रात्यक्षिकासह शिकत असतो.

आसुंता मिस साळगावहून बस बदलत साखळीला येतात.
फळ्यावर एक लांबट डबा काढतात,
मधोमध रेघ, रेघेच्या अलीकडे कुत्रा.
कान काढायला विसरतात.
मागून अक्षद म्हणतो, मिस, बोकडी दिसता ती.
हसून झाल्यावर मिस सांगतात:

याला आधी बांधून ठेवलं होतं.
विजेचे झटके दिले. काही केलं तरी थांबेनात.
मग या डब्यात आणून सोडलं, दोरीबिरी नाही.
मधलं कुंपण एवढंच
(मिस आपल्या गुडघ्याला हात लावतात).
उडी मारली की सुटला.
तो मारत नाही.
खाली बसतो, कण्हतो, झटके खातो.
याला म्हणतात शिकलेली असहायता.
लिहून घ्या. टीप येते, पाच गुणांची.

असहायता लिहिताना माझा एक य जास्त पडला.
तो खोडत बसले.

आमच्या दारात ट्रक आहे.
पिसुर्ल्यात कुणाच्या दारात नव्हता?
खाण बंद झाली तेव्हा मी चौथीत होते.
निळी ताडपत्री आता राखाडी झालीय,
हौद्यात कोंबडी अंडी घालते,
बॉनेटवर आई सोलां सुकवते.
काचेवर बोट फिरवलं
तर अजून तांबडी माती येते.

पपा सोप्यावर बसतात.
आधी जायचे. बँकेत, पंचायतीत,
पणजीला मोर्चात, डोक्याला टॉवेल बांधून,
आणि प्रत्येक वेळी पुढचा महिना घेऊन परत यायचे.
परवा पोदेर पाव देता देता म्हणाला,
दिवचलेच्या गोदामाला ड्रायव्हर हवाय, सोयरूबाब, वच रे.
पपा म्हणाले, पळोवया.
पळोवया म्हणजे बघूया.
आमच्या घरात त्याचा अर्थ वेगळा आहे.

मी कधी हात वर करत नाही. त्या दिवशी केला.
मिस, मागीर त्या सुण्याचें कितें जालें?
मिसनी पुस्तक चाळलं.
परिच्छेद तिथेच संपत होता, पुढे स्वाध्याय.
घंटा झाली.

पुढच्या मंगळवारी हजेरीच्या आधीच
पर्समधून घडी घातलेला कागद काढून म्हणाल्या, शोधलं गो मी.
पलीकडून मांस दाखवलं, तो आला नाही.
हाका मारल्या, नाही.
शेवटी गळ्यात पट्टा बांधून ओढत नेलं पलीकडे.
एकदा नाही, कितीतरी वेळा.
आधी जड लागायचा, मग हलका, मग थोडा अजून हलका.
मग एकदा आपणहून गेला.
हे परीक्षेला येत नाही, मिस म्हणाल्या
आणि कागद माझ्या वहीत ठेवला.

रविवारी मी ताडपत्री ओढली.
कोंबडी ओरडत सुटली, झुरळं सांडली,
एक आंधळं पिल्लू मांजराचं, कुठून आलं देव जाणे.
पपा, मला गाडी शिकवा.
पळोवया.
आतां.
मी त्यांचा हात धरला. जड होता.
सोडला.
आणि ताडपत्रीचं दुसरं टोक बॉनेटवरून खेचलं.
तेव्हा पपा ओरडले, चेडवा, सोलां! आदीं सोलां काड!
आणि उतरले, तिन्ही पायऱ्या, चप्पल न घालता.

दोघांनी सोलां सुपात भरली.
तोपर्यंत चहा झाला होता.
चावी आईच्या डब्यात मिळाली, पण बॅटरी मेलेली.

चाचणीत मला पाचांत तीन मिळाले.
टीप व्यवस्थित होती, कुत्रा, डबा, कुंपण, सगळं.
शेवटच्या चार ओळींखाली तांबडी रेघ:
उदाहरण अभ्यासक्रमाबाहेरचं.
आणि त्याखाली, बारीक, पेन्सिलीनं:
मागीर? गाडी सुरू जाली?