अंगठा उमटेना

सफूरा होडेकर, वय त्रेपन्न,
राहणार जयगडच्या खाडीपलीकडं.
माझ्या आधीच्या दोन कारकुनांनी
तिची फाईल सांभाळली, मग ती माझ्याकडं आली.
दोरी नवी होती, कागद तेच.

आज शपथ.
त्याआधी अंगठा.
मशीनवर ठेवला, लाल दिवा.
पदराला पुसून ठेवला, लाल दिवा.
"काजू सोलतेय न्हवं बावीस वर्सं,
चिकानं खाल्लान सगला."
रेघा नसलेला तो अंगठा
कुठल्याच देशाला ओळखू येईना.
शेवटी डाव्या हाताची करंगळी चालली.

जन्मस्थान कराची.
आजोबा इथूनच गेलेले, गलबतावर तांडेल.
तेव्हा कराची म्हणजे
मुंबईच्या पुढचं बंदर, आणखी काही नाही.
मग पाण्यावर कुणीतरी रेघ ओढली
आणि ती पुसली गेली नाही.
नात माघारी आली, एकोणीस वर्षांची नवरी,
आत्याच्याच घरात.
बोली तीच, सांदणं तीच,
खिशातलं पुस्तक तेवढं हिरवं.

मग दरसाल मुदतवाढ.
जिल्हा सोडायचा तर अर्ज.
पनवेलची नणंद गेली,
परवानगी पोचली तेव्हा कबरीवर गवत आलं होतं.
परवानगी फाईलमध्ये आहे, पान एकशे बारा.
गवत नाही.

मी औशाचा. इथं सहा वर्षं.
मासा अजून घशाखाली उतरत नाही,
बाजारात पाठीमागून मला घाटी म्हणतात.
पण राष्ट्रीयत्व कुणी विचारलं नाही कधी.
शपथही घेतली नाही मी.
औशाच्या सरकारी दवाखान्यात
आईनं एक रात्र कळा सोसल्या,
तेवढ्यावर सगळं मिळालं,
आणि ते मिळालंय हेसुद्धा
या टेबलाशी बसेपर्यंत माहीत नव्हतं.

ती वाचायला उभी राहिली.
"विधिद्वारा"पाशी अडखळली.
साहेब म्हणाले, असू दे, पुढं वाचा.
नाही. तिनं परत पहिल्यापासून सुरुवात केली,
स्वतःच्या नावापासून.

सही झाली. पेढे मीच आणले होते.
"तुमी कंच्या गावचे?"
"औशाचा."
"ता कुठं आलां?"
मी भिंतीवरच्या नकाशात बोट ठेवलं.
तिनं पाहिलं, मग बोटावरून नजर
डावीकडं सरकत गेली, समुद्रावर, वर,
नकाशाची चौकट लागेपर्यंत.
"माय हाय तिकडं. नव्वदीची.
आता तिला बगायला माना विसा लागंल?"

मी नियम सांगितला.
नियम मला पाठ आहे.

सोड्यांच्या रिकाम्या पिशवीत
तिनं प्रमाणपत्र ठेवलं, घडी न घालता.
दारातून वळून म्हणाली,
साडेपाचला सुकती लागते,
मचवेवाला थांबायचा नाय.
मी समजल्यासारखी मान हलवली.

फाईलवर शेरा लिहिला, निकाली.
मग शेजारच्या टेबलावरच्या परबांना
हळूच विचारलं,
सुकती म्हणजे काय हो?