नमुना क्रमांक एक्केचाळीस

टेकडीच्या बाजूची ही खोली, बारा महिने दमट.
इथं मी दगड कापते.
चौदा वर्षांत बोटांवरच्या रेषा
कार्बोरंडमनं पुसून टाकल्या.
हजेरीचं मशीन मला ओळखत नाही,
शिपाई ओळखतो.

सोमवारी मॅडमनी पत्र्याची पेटी पुढं ठेवली.
चर्चच्या जुन्या पत्रकांत गुंडाळलेले गारेचे तुकडे
आणि एक चोपडी:
पाद्री एल्डन क्रॉसबी, पुणे छावणी.
सालातलं 'अठराशे' तेवढं उरलंय,
पुढचं वाळवीकडे.

मराठी मुन्शीकडून शिकलेलं, कडक इस्त्रीचं.
"सदर पाषाण नागपुराकडून गाडीने आणविले.
वाटेत एक बैल लंगडा जाहला."
खाली खर्च:
"यल्लाप्पा वडार, पाषाण फोडणे, दोन आणे.
तोच, दुसरे खेपेस, तीन आणे,
कारण त्याने फळ न मोडता काढिले."

तो तिसरा आणा मी दोनदा वाचला.
फळ न मोडता काढणं म्हणजे काय, मला विचारा.
दगडाला आधी कान द्यावा लागतो,
आणि हातोडी पडता पडता मनगटानं माघार घ्यावी लागते.

रविवारी हा माणूस कँपातल्या चर्चमध्ये
सहा दिवसांच्या सृष्टीवर बोलत असणार.
सोमवारी व्हरांड्यात बसून मांडायचा:
खाली काळा खडक, मध्ये तळ्याचा गाळ,
गाळात शिंपले, देठ, एक बी,
वर पुन्हा काळा खडक.
म्हणजे आग आली, निवली, तळं साचलं,
काठावर झाडं वाढली, फळाला आली,
आणि पुन्हा आग.
याला किती काळ लागला असेल?
त्यानं लिहिलंय "वर्षे"
आणि पुढं जागा कोरी.
दौत लवंडली असेल, म्हणाल. जेवणाची घंटा झाली असेल.
मला नाही तसं वाटत.

एक्केचाळीसावर मात्र बारीक अक्षरात:
"ताडाचे फळ? खात्री नाही.
माझ्यामागून येणाराने पाहावे."

येणारा बाई असेल,
खडकीहून दोन बस बदलून येईल,
डबा खिडकीत ठेवून आधी पदर खोचेल,
हे काही त्याच्या मनात आलं नसणार.

तर पाहिलं.
काप घेतला, काचेवर डकवला,
दोनशेची पूड, चारशेची, आठशेची,
पाणी, पुन्हा पाणी,
दगडातून उजेड आरपार जाईपर्यंत.
मॅडम सूक्ष्मदर्शकावर वाकल्या
आणि चहा गार झाला तरी उठल्या नाहीत.

ताड नव्हता.
पाण्यात पाय सोडून उभं राहणारं काहीतरी,
कप्प्याकप्प्यांचं,
एका कप्प्यात बी तिरकी,
झोपेत कूस बदलावी तशी.
पाद्री चुकला होता.
प्रश्नचिन्ह तेवढं बरोबर निघालं.

निबंधात पाद्रीचं नाव येईल, मॅडम म्हणाल्या,
पहिल्याच परिच्छेदात.
मी म्हटलं, आणि यल्लाप्पा?
त्या चष्मा पुसत राहिल्या.
"त्याचा संदर्भ कसा देणार गं?"

संध्याकाळी वीज गेली.
खिडकीशी बसून काचेचं लेबल लिहायला घेतलं.
लेबल अंगठ्याच्या नखाएवढं.
आणला: क्रॉसबी. फोडला: यल्लाप्पा.
कापला:
जागा संपत आली होती.
पेन्सिलीला पुन्हा टोक काढलं.