स्पंज

सेकोंडीच्या शाखेत मी टॅबलेट घेऊन गेलो
तेव्हा अराबा क्वान्सांच्या काउंटरवर
एक हिरवी वाटी होती, वाटीत ओला स्पंज.
बावीस वर्षं त्यात बोट बुडवून
त्यांनी नोटा मोजल्या होत्या.
"हा राहू दे ना?"
अक्राहून मिळालेल्या यादीत स्पंज नव्हता.
म्हटलं, राहू दे.

तीन आठवड्यांत शिकल्या. सावकाश,
पण एकदा कळलं की पक्कं.
काच निघाली, रांग ओसरली.
नोटा मोजायचं यंत्र फरफरायचं
आणि त्या बघत राहायच्या,
आपल्या स्वयंपाकघरात शिरलेल्या
परक्या बाईकडे बघावं तसं.
अंगठा मांडीवर आपला चालूच.

रात्री दहाला ग्रुपवर आकडे पडत:
कुणी किती जणांना ॲप घ्यायला लावलं.
अराबा, चार. लाल अक्षरांत.
नवरा म्हणे, फोन पालथा घाल.
पालथा घातला तरी तडफडतो, त्या म्हणाल्या,
टोपलीतल्या माशासारखा.

सकाळी मशीन उघडलं की पाच चेहरे येतात:
आज तुम्हाला कसं वाटतंय?
त्या रोज मधला दाबतात.
रडका दाबला तर मुख्यालयातून फोन,
हसरा दाबला तर टार्गेट वाढतं.
हे त्यांनीच मला सांगितलं.
मी लिहून घेतलं नाही.

मंगळवारी तिथे दर्यावर कुणी जात नाही.
अशाच एका मंगळवारी बेंत्सिवा आल्या,
धुरी देऊन मासे सुकवणाऱ्या.
त्यांचं बंडल अराबा पूर्वी
डोळे मिटून, वासावरून ओळखायच्या.
टॅबलेटवर अंगठा ठेवा.
ओळख पटली नाही.
पुन्हा ठेवा.
मीठ, खवले, धूर;
रेषा केव्हाच झिजून गेलेल्या.
"मी ओळखते यांना," अराबा म्हणाल्या.
त्याला बटण नव्हतं.
मग मंजुरीसाठी त्यांनी स्वतःचा अंगठा टेकवला.
ओळख पटली नाही.

दोघी हसल्या. बेंत्सिवा जरा जास्त वेळ.
मी अक्राला फोन लावला
आणि कानाशी धून ऐकत उभा राहिलो.

अराबांनी वाटी पुढे ओढली.
पाणी काठोकाठ होतं.
म्हणजे इतके महिने
त्या ती रोज भरत होत्या.
आधी बेंत्सिवांचा अंगठा भिजवला,
पदराला टिपावा तसा कापडाला टिपला,
मग आपला.

हिरवा दिवा लागला.

अहवालात मी लिहिलं:
सेन्सर साफ केला.