भाग दुसरा

डिचोलीच्या त्या थेटरात अकरा वर्षं
मी बॅटरी मारली.
म्हणजे अंधारात लोकांना खुर्च्या दाखवल्या.
सिनेमा सलग असा कधी पाहिला नाही.
तुकड्यातुकड्यांत, उभ्यानं,
बहुतेक वेळा पडद्याकडं पाठ करून.
तेव्हा मी सांगतो ते चेहऱ्यांवरून.

खाणीवरची पाळी सुटली की ट्रकवाले यायचे,
भुवयांवर तांबडी धूळ घेऊन.
खुर्च्यांचं रेक्झिन मुळात निळं होतं
हे मालकालाही आठवत नसे.

वर मशीनच्या खोलीत इनास.
म्हणायचा, वाईट सिनेमा ओळखायला बघावा लागत नाही रे,
फिल्म तुटली की कान दे.
शिव्या आल्या तर अजून जीव आहे.

एकदा शिव्या आल्या नाहीत.
मोठ्या कंपनीचं चित्र, तिकीट दीड रुपयानं चढं,
त्यात चूक अशी काढायला जागाच नाही.
बर्फ बर्फासारखा,
अश्रू गालावर नेमके जिथं हवेत तिथं,
गाणी टायमावर येणाऱ्या बशीसारखी.
इनासनं चुकून चौथं रीळ आधी लावलं, मग तिसरं.
नायक मेला
आणि नंतर जखमी झाला.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
कुणाचीतरी सोड्याची बाटली लवंडून
पार पहिल्या रांगेपर्यंत घरंगळत गेली,
आणि सगळं थेटर तिचाच आवाज ऐकत बसलं.

आणि मग आला ‘सूड, भाग दुसरा’.
पहिला भाग कधी निघालाच नव्हता.
लाटंबार्सेच्या बाबुसो गांवसनं
काजूची बाग विकून काढलेला,
सरदारही तोच.
तीनशे वर्षांपूर्वीचा सरदार, मनगटावर घड्याळ,
घड्याळात पावणेचार.
मेलेला पाखलो कानावरचा डास मारतो.
वाघ म्हणून पट्टे रंगवून सोडलेला कुत्रा
सरदाराला ओळखून शेपटी हलवतो.
किल्ल्याची भिंत वाऱ्यानं कलते,
आणि सरदार, संवाद जराही न तोडता,
डाव्या हातानं ती धरून ठेवतो.

नऊ आठवडे.
ड्रायव्हर लोक पाठ करून यायचे.
सरदारानं तलवार उपसली की कुणीतरी ओरडे, ‘किती वाजले?’
आणि अख्खं थेटर: ‘पावणेचार!’
भिंत कलली की पुढच्या रांगेतली पोरं
उठून हात वर करायची,
पडद्याच्या खाली, आपल्यापरीनं, टेकू.

पाचव्या आठवड्यात, दिवे गेल्यावर,
एकाच्या तोंडावर माझी बॅटरी पडली.
सरदार.
इस्त्रीचा शर्ट, शेवटची रांग, कडेची खुर्ची.
मला वाटलं, आता हा उठून जाईल.
घड्याळाला गेला नाही. कुत्र्यालाही नाही.
मग आईचा प्रसंग आला.
म्हातारी खाटेवर मरते, लेकाकडून शपथ घेते,
मान टाकते,
आणि डोळे किलकिले करून
थेट आपल्याकडं बघत विचारते,
‘झालं?’
ते कापायचं राहून गेलं होतं.
रोजच्यासारखे दोनशे गळे:
‘जालें आये, जालें!’
बाबुसोनं तोंड दोन्ही हातांत घेतलं.
खांदे हलत होते.
हसत होता की काय, मी बघू शकलो असतो,
बॅटरी हातातच होती.
मी ती विझवली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी पण.
नंतर नंतर त्या प्रसंगाच्या पाच मिनिटं आधी यायचा,
मी तिकीट विचारत नसे.

ती त्याची खरी आई होती म्हणे,
शूटिंगनंतर महिनाभरात गेलेली.
मला हे चित्र उतरल्यावर कळलं.
इनासला बहुधा आधीपासून ठाऊक असावं.
फिल्म नेमकी त्याच जागी झिजून तुटायची.
त्या दोन-अडीच फुटांचा तुकडा
सहज कापून टाकता आला असता,
कथेला काही फरक पडला नसता.
त्यानं तो चार वेळा जोडला.